धुलाईघरातला चौकस संगणक

मी एक जुना संगणक आहे, आणि आत्ता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कटकट नको. मागच्या बाकावर हसू फुटलंय ते मला दिसतंय. हसा खुशाल. तुम्ही माझ्या डोक्यावर रंगाच्या बाटल्या ठेवता, माझ्या काळ्या पडद्यात बघून भांग पाडता, म्हणून मी जन्मभर या चित्रकलेच्या वर्गाच्या कोपऱ्यातच बसून होतो असं समजू नका. मित्रांनो, एके काळी माझ्या एका पट्टीवर माणसं या इमारतीतून त्या इमारतीत जायची.

माझा स्वभाव मुळातच उतावळा. कारखान्यात पट्ट्यावरून आम्ही भावंडं ओळीनं सरकत होतो. बाकीची गप्प. मी मात्र पहिला स्क्रू बसतानाच विचारलं, "अजून किती वेळ?" कारागीर असा दचकला की त्याचा पेचकस माझ्या पोटात पडला आणि तिथेच राहिला. अजूनही कधीकधी टोचतो. स्वस्थ बसणं मला जमत नाही ते बहुतेक त्यामुळेच.

तिथून माझी रवानगी झाली एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात. तळघरातली लांबलचक खोली. एका टोकाला धुण्याची यंत्रं, मध्ये वाळवणीची फिरती पिंपं, मग इस्त्रीचे गरम रूळ, आणि दुसऱ्या टोकाला, उंच झरोक्यातून थोडा उजेड यायचा तिथे, एक शिवणयंत्र. दाराशेजारच्या टेबलावर मी. आणि वाफ? वाफेचं काय सांगू तुम्हाला. एकदा माझ्या पडद्यावरची अक्षरं भिजून खाली ओघळली, ती मोठ्या बाईंनी फडक्यानं टिपून बादलीत पिळली. त्या दिवशी जे धुणं निघालं त्यातल्या एका चादरीवर कालचा अख्खा अहवाल छापून आला होता.

मोठ्या बाई म्हणजे धुलाईघराच्या प्रमुख. धुण्याच्या यंत्रांवर असायचा बुडबुड्या. त्याचं खरं नाव त्याच्या आईला ठाऊक असेल. साबणाच्या पाण्यात हात घातला की तो स्वतःशीच बोलत सुटायचा. इस्त्रीवर काका. आणि झरोक्याखाली शिवणताई. फाटलेले गाउन, उसवलेले अभ्रे, नाड्या तुटलेले पायजमे, सगळं तिच्याकडे यायचं आणि जाताना नव्यासारखं होऊन जायचं.

मग एक दिवस वरच्या मजल्यावरून आकडेसाहेब उतरले. त्यांनी माझ्या पोटात एक सिस्टीम भरली. कोणी, कोणतं काम, किती वेळ केलं, ते तिला सांगायचं. ती प्रत्येकाच्या नावापुढे निळी पट्टी काढायची. काम जास्त तर पट्टी लांब, काम कमी तर आखूड.

"आता कोणावर किती भार पडतो ते बसल्या जागी कळेल," साहेब म्हणाले. "कोणाची तक्रारच राहणार नाही."

मनापासून म्हणाले हो ते. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना जिने चढायचा-उतरायचा कंटाळा होता.

माझं काम एवढंच की थोड्या थोड्या वेळानं टुंग करून विचारायचं, 'सध्या कोणतं काम चालू आहे?' मला तर हे फारच आवडलं. ठरलेल्या वेळी विचारायचोच, पण मध्येही एखादं जास्तीचं टुंग ठेवून द्यायचो. टुंग, धुणं का? टुंग, वाळवण? टुंग, इस्त्री? शिवण? वाटप? की इतर?

"अरे बाबा, काम करू देशील तर सांगेन ना," काका म्हणायचे.

"याच्यापेक्षा माझी सासू परवडली," बुडबुड्या म्हणायचा.

धुलाईघरात एक रीत होती. ओल्या हातानं मला शिवायचं नाही. आणि तिथे कोणाचे ना कोणाचे हात ओले असायचेच. मग ज्याचे कोरडे असतील तो दुसऱ्याचं दाबायचा. "काका, माझं धुणं दाबा हो." "ताई, येताय तशी माझी इस्त्री टाका." सगळ्यांचे नंबर सगळ्यांना पाठ. साहेबांना या रितीचा पत्ता नव्हता. मीही सांगितलं नाही. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारणं हे माझं काम, उत्तर देणं नव्हे.

ते माझे वैभवाचे दिवस होते, मित्रांनो. वरच्या मजल्यावर माझ्या पट्ट्या भिंतीएवढ्या करून दाखवायचे. दुसऱ्या रुग्णालयांचे साहेब मला बघायला यायचे आणि माझ्याशी बोलताना टोपी काढून हातात धरायचे.

आणि मग शिवणताईची पट्टी आखूड व्हायला लागली.

झालं असं, की तिची आई घरात पाय घसरून पडली आणि अंथरुणाला खिळली. घर रुग्णालयाच्या मागच्याच गल्लीत. दुपारी ताई धावत जायची, आईला भरवायची, तिची कूस बदलायची, पाणी उशाशी ठेवायची आणि धावत परत यायची. मोठ्या बाईंना विचारूनच जायची. पण मी टुंग करायचो तेव्हा खुर्ची रिकामी असायची. उत्तर नाही म्हणजे काम नाही. मला एवढंच शिकवलं होतं.

त्याच सुमारास शहराच्या दुसऱ्या टोकाला रुग्णालयाची जी लांबची इमारत होती, तिथे माणूस कमी पडला. साहेबांनी निरोप धाडला: महिनाअखेरीस ज्याची पट्टी सगळ्यात आखूड असेल त्याला तिकडे पाठवायचं. दोन बस बदलून जावं लागायचं. तिथून दुपारी घरी येऊन जाणं विसराच.

ताईनं पुढचा गाउन ओढला. शिवणयंत्र तेवढं जोरात चालायला लागलं.

"आईचं काय करणार?" काकांनी घडी घालता घालता विचारलं.

"बघू."

"शेजारच्या वहिनी बघतील की दुपारचं."

"एक दिवस बघतील, काका. दोन दिवस बघतील. तिसऱ्या दिवशी त्यांचं तोंड बघायचं मी."

काका पुढच्या चादरीकडे वळले. पण त्या दिवसापासून सगळ्या धुलाईघराला चैन पडेना. ज्याला बघावं तो पडद्याकडे येऊन ताईची पट्टी बघून जायचा. मोठ्या बाई चादरी मोजायला घ्यायच्या आणि मध्येच सोडून द्यायच्या. माझाही पंखा उगाचच घरघरायचा. टुंग करायला जावं आणि ती खुर्ची रिकामी दिसावी, असं रोज व्हायला लागलं.

एका दुपारी ताई घरी गेलेली असताना काका इकडेतिकडे बघत माझ्यापाशी आले. त्यांनी नंबर दाबला, तो ताईचा. काम दाबलं, इस्त्री. आपली सकाळभराची इस्त्री तिच्या नावावर टाकून काका शीळ घालत निघून गेले. त्यांना शीळ येत नाही, नुसती हवा येते.

काकांची पाठ वळते न वळते तोच बुडबुड्या. हात पाठीला पुसत आला, ताईचा नंबर दाबला आणि दोन यंत्रांचं धुणं तिच्या पदरात घातलं. "तू काही बघितलं नाहीस," मला म्हणाला. मग आल्या मोठ्या बाई. दार लोटून घेतलं, चष्मा वर केला आणि सगळ्या मजल्यांचं वाटप ताईच्या नावानं टाकलं. रोज हे असं. तिघांपैकी कोणालाही दुसऱ्या दोघांचं माहीत नाही. तिघंही आपापल्या जागी जाऊन मी नाही त्यातला असा चेहरा करून बसायचे.

मित्रांनो, ती पट्टी जी वाढायला लागली ती थांबेना. पडद्याच्या कडेपर्यंत आली. मग कडेतून बाहेर आली. भिंतीपर्यंत गेली, तिथून वळून झरोक्याबाहेर. एक कबुतर तिच्यावर दोन दिवस बसून होतं. खोटं वाटत असेल तर त्या कबुतराला विचारा.

महिना संपला आणि वरून फोन आला. मोठ्या बाईंनी तो कानाला लावला आणि त्यांचा चेहरा इस्त्री उलटी फिरावी तसा चुरगळला.

"साहेब म्हणतात," फोन ठेवून त्या म्हणाल्या, "एवढं काम उपसणारी बाई इथे वाया जातेय. लांबच्या इमारतीला असाच हात हवा. ताईलाच पाठवा, सोमवारपासून."

"ताईला कसं?" काका म्हणाले. "तिची पट्टी आता लांब आहे की."

"तुम्हाला काय माहीत लांब आहे ते?"

काका रूळ पुसायला लागले.

"मी म्हणतो, असेल लांब," बुडबुड्या घाईनं म्हणाला. "धुतेय बिचारी, तर लांब होणारच."

"ती शिवते. धुतं कोण?"

बुडबुड्यानं दोन्ही हात साबणाच्या पाण्यात घातले. बाईंनी पडदा स्वतःकडे वळवला आणि पट्टीवर बोट ठेवलं. इस्त्री, धुणं, वाटप, सगळं ओळीनं समोर आलं. वाटप दिसल्यावर दोघं बाईंकडे बघायला लागले. बाई चष्मा पुसायला लागल्या.

"म्हणजे बाई, तुम्ही पण?" काका म्हणाले.

"तुम्ही आधी आपलं बोला."

ताई शिवणयंत्रावरून उठून आली होती. तिनं ती रांग वरपासून खालपर्यंत वाचली.

"म्हणजे मी चादरी धुतल्या," ती म्हणाली, "इस्त्री केली, पाच मजले वाटल्या. आईला कधी भरवलं मग?"

बाईंनी पडदा परत भिंतीकडे वळवला.

"तुझ्यासाठीच केलं गं," काका म्हणाले.

"ते कळतंय, काका. पण मला एकदा विचारायचं तरी."

आता अडचण बघा. खरं सांगावं तर तिची पट्टी सगळ्यात आखूड, म्हणून लांबची इमारत. गप्प बसावं तर पट्टी सगळ्यात लांब, म्हणूनही लांबचीच इमारत. शिवाय खरं सांगितलं तर तिघांची नोकरी आकडेसाहेबांच्या मर्जीवर. बुडबुड्या यंत्राभोवती फेऱ्या मारत होता. बाई एकच अभ्रा उलगडत होत्या आणि परत घडी घालत होत्या. आणि सोमवारच्या सकाळी, बदलीचा कागद घेऊन, आकडेसाहेब, सिस्टीम भरून गेल्यापासून पहिल्यांदाच, स्वतः जिने उतरून खाली आले.

इथे, मित्रांनो, माझी वेळ आली.

मी पाहिलं, चौघंही माना खाली घालून उभे. कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. मी मोठा श्वास घेतला, धुलाईघरातली सगळी वाफ पोटात ओढली आणि असं टुंग केलं की वरच्या मजल्यावरचे रुग्ण ठणठणीत बरे होऊन घरी गेले. साहेबांच्या हातातला कागद गळून पडला. मी ती लांब पट्टी स्वतःच्या हातानं कापली. हो, तेव्हा मला हात होते. काकांचं काकांना दिलं, बुडबुड्याचं बुडबुड्याला, बाईंचं बाईंना. मग पडद्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'साहेब, या बाईंना हलवू नका.' साहेब माझ्यासमोर हात जोडून म्हणाले, "मग पाठवू तरी कोणाला?" मी लगेच बुडबुड्याचं नाव झळकवलं, कारण त्याचं घर त्या लांबच्या इमारतीच्या बाजूलाच आहे, हे माझ्याशिवाय कोणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. झालं. शिवणताई झरोक्याखालच्या तिच्या खुर्चीवर राहिली आणि दुपारी आईकडे जात राहिली.

पुढचं थोडक्यात सांगतो. धुलाईघरात नवा, चपटा संगणक आला. माझ्या पाठीवर धूळ बसली, पोटात झुरळांनी संसार थाटला, आणि शेवटी ताईनंच रिक्षात घालून मला तुमच्या शाळेत आणून सोडलं. म्हणून म्हणतो, मित्रांनो, जुन्या यंत्रांना तुच्छ समजू नका. आमच्यावर ओली फडकी टाकू नका, आमच्या डोक्यावर बाटल्या ठेवू नका. अडीअडचणीला, जेव्हा माणसांची वाचा बसते, तेव्हा आम्हीच पुढे होऊन…

काय गं, हात कशाला वर केलास? पहिल्या बाकावरची, तूच. शेवट तरी होऊ दे. बरं, बोल.

"खोटं आहे हे सगळं. शिवणताई माझी मावशी आहे. साहेब आले तेव्हा तू बंद होतास. झरोक्याखालचा प्लग जळला होता, म्हणून काकांनी तुझी वायर काढून मावशीचं यंत्र दाराशी आणून तिथे लावलं होतं. मावशीनंच साहेबांना सांगितलं, की ती पट्टी माझी नाही, माझी आखूडच आहे. पण मी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन शिवायला बसते, तेव्हा तुमचा संगणक झोपलेला असतो, तो वेळ कुठे दाबायचा? मग दुसऱ्या दिवशी साहेब सकाळी लवकर येऊन दारात उभे राहिले आणि त्यांनी बघितलं. आणि बुडबुड्यादादा आपणहूनच म्हणाला, मी जातो, माझं घर तिकडेच आहे, मला वाटलं तिकडे पाठवणं म्हणजे शिक्षा असते, म्हणून आधी बोललो नाही. वायर काढलेली असतानाही तुला बोलता येतं असं मी काल मावशीला सांगितलं, तर ती म्हणाली, त्याला विचार, साहेब समोर उभे होते तेव्हा का नाही बोललास?"