खडकाळीतला दगड

धोंडाबाईच्या आधी तिच्या आईची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. म्हणून तिसरीचं नाव धोंडा ठेवलं. दगडावर यमाची नजर जात नाही, असा त्या काळचा हिशेब. लग्नात ताटातल्या तांदळात नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा सासू म्हणाली, "असलं टिकाऊ नाव कोण बदलतं का?" नाव टिकलं आणि बाईही टिकली. नवरा गेला, थोरला मुलगा गेला, मुलगी बाळंतपणात गेली. मागे राहिला धाकटा नवनाथ.

आता महाळुंग्यातल्या त्याच्या दोन खोल्यांत ती खाटेवर पडून होती. अन्न सुटलं होतं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. यमाला मात्र अजूनही धोंडाच दिसत असावा.

"नवनाथ," ती एका सकाळी म्हणाली, "माझ्या जीवखड्याचं काय केलंस?"

चहा गाळणारी साधना, तिची सून, तिथूनच ओरडली, "आत्या, सकाळच्या पारी काय हे अभद्र!"

"मरणाऱ्यानं मरणाचं बोलू न्हाई, तर काय बारशाचं बोलू?"

जीवखडा म्हणजे प्रेताला अग्नी देताना पाण्याचं मडकं ज्यानं फोडतात तो दगड. मेलेल्याचा जीव दहा दिवस त्यात राहतो आणि दहाव्याला तो नदीत सोडला की मोकळा होतो. बहुतेक लोक स्मशानातलाच एखादा खडा उचलतात. धोंडाबाईला तसला नको होता.

"मला खडकाळीतला पायजे. आन् आधी माझ्या हातात दे. तुझा भरवसा न्हाई."

खडकाळी म्हणजे त्यांचं रान. धोंडाबाईनं जन्मभर तिथले दगड वेचले होते. पेरणीआधी वेचायचे, पाटीत भरायचे, बांधावर रचायचे; पुढच्या साली नांगर फिरला की जमीन पुन्हा तेवढेच वर काढायची. "माझी पोरं कमी झाली, दगडं न्हाई झाली," असं ती म्हणायची. बांध छातीएवढा झाला होता. दगड काळा, मधाच्या पोळ्यासारखा छिद्राछिद्रांचा, आणि काही छिद्रांत ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे खडे.

मग खडकाळी एमआयडीसीत गेली. तिथं गाड्यांच्या सुट्या भागांचं गोदाम उभं राहिलं आणि नवनाथ त्याच गोदामाच्या गेटवर वॉचमन लागला. "आपला बांध?" आईनं तेव्हा विचारलं होतं. "हाय की तसाच, कंपाउंडच्या आत," नवनाथ म्हणाला होता. खरं तर जेसीबीवाल्याला बांध कुठून उपसायला घ्यायचा ते त्यानंच दाखवलं होतं. दगड डंपरमधून क्रशरवर गेले, त्यांची खडी झाली. पुढे ती कुठल्या रस्त्याखाली गेली, की त्याच गोदामाच्या जमिनीखाली परत आली, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आई तर कधी आत जाऊन बघणार नव्हती. तेवढ्यावर ते खोटं इतकी वर्षं निभावलं.

त्या दिवशी ड्युटी संपल्यावर तो आवारात खाली मान घालून फिरू लागला. सगळीकडे काँक्रीट. ऑफिससमोर हिरवळ आणि तिच्या कडेनं राजस्थानातून आणलेले पांढरे गोटे. सुपरवायझर शहेबाज हसायला लागला.

"काय राव नवनाथभाऊ, काही हरवलं का?"

"दगूड पायजे एक. काळा."

"दगड चोरणारा वॉचमन आजच बघितला! न्या की, मागच्या भिंतीकडे बघा, तिथे गवतात काय काय पडलेलं असतं."

मागच्या भिंतीशी, ऑइलचे रिकामे पिंप ठेवतात तिथे, गवतात तो सापडला. मुठीत मावेल एवढा, ऑइलनं काळा पडलेला, छिद्राछिद्रांचा. हाताला जरा हलका लागला. नवनाथनं तो दुसऱ्यांदा तोलून बघितला नाही. घासून धुतला आणि डब्याच्या पिशवीत टाकला.

धोंडाबाईनं दोन्ही हातांनी तो चाचपला. डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटांना दिसत होतं.

"हलका हाय रं."

"वाळला आसंल."

"दगूड बी वाळतो व्हय? माझ्यावाणी?" ती हसली. मग अंगठा छिद्रांवरून फिरवत राहिली. "आन् दाणे कुठं गेले?"

"झडले आसतील, आई. किती वर्सं झाली."

"आपलाच न्हवं?"

नवनाथनं साधनाकडे पाहिलं. साधना भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही.

"व्हय. बांधावरलाच हाय."

त्याच आठवड्यात धोंडाबाई गेली, भर दुपारी, साधना तिचं तोंड पुसत असताना. मूठ दगडावर मिटलेली. बोटं एकेक करून सोडवावी लागली. तळहाताला राखाडी भुकटी लागली होती.

स्मशानात नवनाथ मडकं खांद्यावर घेऊन सरणाभोवती फिरला. मडक्याला भोक पाडायला मागे त्याचे चुलते सोपानराव होते. त्यांनी दगड मारला. मडकं तसंच, दगडाचा मात्र कोपरा उडाला.

"आरं, दगूड हाय का टोस!" सोपानराव वैतागले.

नवनाथनं खाली पडलेला तुकडा पाहिला. आतून तो पांढुरका होता, एकसारख्या बुडबुड्यांचा. गोदाम वाढवताना असल्या सिमेंटच्या ब्लॉकचे ट्रक त्यानं स्वतः गेटमधून आत घेतले होते. मजूर एकेका खांद्यावर दोन-दोन न्यायचे, इतके हलके. भिंतीचा तुकडा होता तो. सांगावं तर बांधाचंही सांगावं लागलं असतं, आणि सांगून खडकाळीतला दुसरा दगड आणायचा कुठून?

"मारा तात्या, जोरात," तो म्हणाला.

तिसऱ्या घावाला मडक्यातून पाणी सुटलं.

दहाव्याला सगळे नदीच्या घाटावर जमले. पाण्यावर साबणासारखा फेस होता, कडेला पिवळा पडलेला. विधी आटोपले. दगड कपड्यातून सोडून गुरुजींनी नवनाथच्या हातात दिला. "पाठ करा, मागं टाका, आणि वळून बघू नका."

त्यानं टाकला. डुबुक असा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. मागे कुजबुज सुरू झाली.

"आगं बया, तरंगतोय की!"

"रामाचा दगूड!" एका म्हातारीनं हात जोडले.

"कसला रामाचा," सोपानराव हळू आवाजात म्हणाले. "जीव गुंतलाय धोंडावहिनीचा. नवनाथ, काय राहिलंय का रं तिचं? काय कबूल केलंवतंस?"

नवनाथ वळला. वळायचं नव्हतं, तरी वळला. फेसात तो राखाडी तुकडा डुलत होता, उडालेला कोपरा वर करून. तो कपड्यांसकट पाण्यात शिरला. कमरेएवढ्या फेसात उभं राहून त्यानं दोन्ही तळव्यांनी दगड खाली दाबला, पार तळाच्या गाळापर्यंत, आणि डोकं पाण्याखाली जाईल एवढं वाकून तसाच दाबून धरला. घाटावरून साधना हाका मारत होती.

शेवटी श्वास घ्यायला त्यानं हात सोडले. दगड त्याच्या आधी वर आला.