हिरव्या पाटीच्या वाटेवरची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी डोंगरी सायकल आहे. म्हणजे जाड टायरांची, दगडधोंड्यांतून चालणारी. आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, एका जागी उभं राहायचा मला भारी कंटाळा आहे. स्टँडवर लावली की माझं पुढचं चाक वाटेकडे वळतं. आम्हा सायकलींची देखभाल करणारा मिस्त्री ते सरळ करतो आणि त्याची पाठ वळली की ते पुन्हा वळतं.

कारखान्यात माझी चौकट जोडली, तिला नारिंगी रंग दिला आणि खोक्यात बंद करून मला इथे पाठवलं. इथे म्हणजे गावाबाहेरच्या तळ्याकाठी, जिथे जंगल सुरू होतं तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये. सुट्टीला येणाऱ्या लोकांना इथे सायकली भाड्याने मिळतात. शेडसमोरून तीन वाटा निघतात. लाल पाटीची वाट कड्यावरून उड्या मारत उतरते, निळी तिच्याहून सोपी आणि हिरवी नवशिक्यांची. पहिली चार वर्षं मी लाल वाट गाजवली. "काय पळते ही!" असं लोक म्हणायचे. मग नव्या सायकली आल्या आणि माझी रवानगी हिरव्या वाटेवर झाली. मला तो सरळसरळ अपमान वाटला.

पण खरं सांगू? ती वाट मला हळूहळू आवडायला लागली. ती तळ्याला वळसा घालते, माळावरच्या गवतातून जाते, लाकडी साकवावर खडखडते आणि मग ओढ्याकडे एकच उतार उतरते. नवशिकेही मोठे मजेशीर असतात. जे झाड चुकवायचं त्याच्याकडेच डोळे फाडून बघतात आणि नेमके त्यावरच जाऊन आदळतात. चढावर भलताच गिअर टाकतात आणि शिव्या मात्र मला घालतात.

मिस्त्रीची एक पद्धत होती. सायकल परत आली की तो विचारायचा, "कुठे पडलात का?" हो म्हटलं, तर तो ती उलटी करून नटबोल्टांपासून ब्रेकच्या वायरीपर्यंत सगळं तपासायचा. नाही म्हटलं, तर नुसती हवा आणि साखळी बघून पुढच्याला द्यायचा. माणसांच्या शब्दावर त्याचा विश्वास होता.

एका रविवारी एक वडील आपल्या मुलीला घेऊन आले आणि त्यांनी मला भाड्याने घेतलं. "हे बघ, हात सोडून!" असं तिला दाखवायच्या नादात ते उतारावर धाडकन पडले. माझी डावी मूठ दगडावर आपटली. तिथली मागच्या ब्रेकची दांडी वाकली आणि आतली वायर मुळाशी तुटत आली, दोनचार तारा तेवढ्या उरल्या. वडिलांनी ओढ्यात रुमाल भिजवून माझा चिखल पुसला आणि दांडी हातानेच सरळ केली.

"बाबा, मिस्त्रीकाकांना सांगायचं ना?" मुलीने विचारलं.

"काही झालेलं नाही तिला. उगाच चारचौघांत शोभा कशाला?"

शेडमध्ये मिस्त्रीने नेहमीचा प्रश्न विचारला. वडील हसून म्हणाले, "छे हो, पडतोय कशाला!"

माझ्यामागे रांगेत एक मावशी उभ्या होत्या. पन्नाशीच्या, कपडे शिवणाऱ्या. "जन्मभर मशीनचं चाक फिरवलं, आता हे फिरवून बघते," त्या मिस्त्रीला म्हणाल्या. माझा जीव नुसता वरखाली होत होता. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, आज कुणी मला जागेवरून हलवू नये.

साकवापर्यंत मावशी स्वतःशीच हसत होत्या. उतार लागला तसे त्यांनी शिकवल्याप्रमाणे दोन्ही ब्रेक दाबले. मागच्या ब्रेकची वायर तटकन तुटली. घाबरून त्यांनी पुढचा ब्रेक गच्च आवळला, चाक जागीच अडलं आणि त्या माझ्यावरून पुढे फेकल्या गेल्या. मनगट मोडलं. मिस्त्री धावत आला तेव्हा त्या रडत नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "उजवा हात आहे हो. यावरच माझं सगळं चालतं."

त्याने त्यांना शेडमध्ये आणून बसवलं, हाताला फळी बांधली आणि तुटलेली वायर घेऊन तो खाली बसला. "चूक माझीच. मी तपासायला हवं होतं."

बाहेरच्या बाकावर ती मुलगी वडिलांबरोबर डबा खात होती. तिने डबा बंद केला आणि वडिलांकडे नुसतं पाहिलं. वडील उठून आत आले. "मी पडलो होतो. चिखल मीच पुसला."

"एक शब्द बोलला असतात तर?" मावशी म्हणाल्या.

त्यानंतर मिस्त्रीने मला नवी वायर घातली, पण कुणाला द्यायचा त्याला धीर होईना. त्याने मला भिंतीवरच्या हुकाला टांगलं. खालून सायकली जायच्या, यायच्या आणि मी वरून बघत तडफडायचे.

तीन महिन्यांनी मावशी आल्या. "तीच सायकल काढा," म्हणाल्या. मिस्त्रीने मला उतरवलं. त्यांनी उजव्या हाताने ब्रेक दाबला. बोटं अर्ध्यातच थांबली. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं.

"अजून सुईसुद्धा धरवत नाही," त्या हळूच म्हणाल्या आणि माझ्या सीटवर थोपटून निघून गेल्या.

मित्रांनो, हिरव्या वाटेवर सगळेच पडतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण उसनी घेतलेली वस्तू परत देताना तिला काय झालं ते सांगा. तुमच्यामागे रांगेत कोण उभं आहे, हे तुम्ही वळून बघत नाही. मला ते दिसतं, पण मला बोलता येत नाही.