लग्नाच्या कॅसेटमधला पाठ

भाऊसोंनी कॅसेट आसिफच्या टेबलावर आपटली.

"लग्न माज्या पोरीचं, आन् टीव्हीवर ह्या बाई पोरान्ला नाडी मोजाय शिकवत्यात. सगळं पावनं हसाय लागलं. हे काय हाय गड्या?"

रुक्सार स्टुडिओच्या दारातच उभी होती. 'ह्या बाई' म्हणजे तीच. आसिफ तिचा चुलतभाऊ. एरवी लग्नांचं शूटिंग करायचा, तिच्या पाठाचंही त्यानंच केलं होतं.

"आपा, लेबलं उलटी लागली," तो मान खाली घालून म्हणाला.

म्हणजे साताऱ्याच्या कॉलेजात लग्न गेलं होतं.

ही कॅसेटची भानगड मुळात तिला नकोच होती. पूर्वी बी.एड.चा पाठ बघायला प्राध्यापक वर्गात येऊन मागच्या बाकावर बसायचे. आता आटपाडीच्या उन्हात मरायला कोण येतो? नवं तंत्र आलं म्हणे. शूटिंग तुमचं तुम्ही करा, कॅसेट पोस्टानं पाठवा, सर पंख्याखाली बसून मार्क देतील. त्याच मार्कांवर रुक्सारची नोकरी टांगलेली होती. या पाठात ती नापास झाली, तर जूनपासून तिच्या जागी बी.एड. झालेली दुसरी बाई येणार, असं हेडमास्तरांनी तोंडावर सांगितलं होतं.

खरी कॅसेट पिशवीत घालून तिनं सकाळची एसटी धरली. दहिवडी गेलं, पुसेगाव गेलं, कोरेगाव आलं, तरी सरांची माफी कशी मागायची तेच ती घोकत होती.

कॉलेजच्या नोटीसबोर्डापाशी ती थबकली. निकाल लागला होता. तिच्या नावापुढं 'नापास', आणि खाली पाठ तपासणाऱ्या सुमंत सरांचा शेरा: शिक्षिकेचा आवाज क्षीण. फळ्याचा वापर अपुरा. विद्यार्थी निष्क्रिय.

तिची कानशिलं तापली. लग्नात कसला आलाय फळा?

सुमंत सर आपल्या खोलीत चहा घेत होते.

"सर, माझी कॅसेट तुम्ही पाहिलीत?"

"म्हणजे काय? शेरा काय मनानं लिहिला?"

"सगळी पाहिलीत?"

"बाई, उभा जन्म पाठ बघण्यात गेला माझा. तुमच्या तिकडची मुलं म्हणजे नुसते ठोकळे. ना प्रश्न, ना उत्तर."

तिला स्वतःला काही बोलले असते, तर तिनं गिळलं असतं. पण तिच्या पोरांना ठोकळे म्हणायचं, तेही त्यांचं तोंड न बघता, हे तिला सोसलं नाही.

"मग दाखवा ना सर, कुठं चुकलं ते. मला शिकायचंय."

सरांना हे आवडलं. त्यांनी शेजारच्या वर्गातल्या छात्रशिक्षकांनाही बोलावून घेतलं. पाठ कसा घेऊ नये ते सगळ्यांनीच बघा, म्हणाले. कपाटातली कॅसेट काढून त्यांनी व्हीसीआरमध्ये सरकवली.

सनई वाजायला लागली. मांडवाच्या तोंडाशी भाऊसो फेटा बांधून उभे होते. मग नवरीचे मेंदीचे हात आले, मग जेवणाची पंगत. मागून कुणीतरी खुदकन हसलं. सर कप हातात धरून तसेच बसले.

"ही कुठली तरी दुसरीच..."

"हीच आली होती सर. वर तुमची सही आहे. 'पाहिली' असं लिहून."

सरांनी कप खाली ठेवला. वाटेत घोकलेली माफी रुक्सारच्या ओठावर आली नाही. तिनं पिशवीतली कॅसेट काढली आणि स्वतःच व्हीसीआरमध्ये घातली.

पडद्यावर आटपाडीचा वर्ग आला. मागं हृदयाच्या आकृतीनं फळा भरलेला. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. "आता एक मिनिट कुणी बोलायचं नाही. शेजाऱ्याची नाडी मोजायची." अख्खा वर्ग एकमेकांच्या मनगटावर बोटं ठेवून गप्प झाला.

सरांचा हात रिमोटकडं गेला.

"पुढं ढकलू नका सर," ती म्हणाली. "मिनिट पूर्ण होऊ द्या."

सरांनी रिमोट टेबलावर ठेवला.