चुलीवरचा लॅपटॉप

शहापुरात एसटी स्टँडच्या समोरच्या गल्लीत जगनचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान एवढंसं, पण काचेचं दार, आत एसी, टेबलावर पांढराशुभ्र दिवा. मूळचे कुठले, असं कोणी विचारलं की जगन म्हणायचा, "कल्याण साइडचा." आता कल्याण साइड म्हटलं तर अर्धा ठाणे जिल्हा तिच्यात बसतो. किन्हवलीच्या पुढे, मुरबाडच्या हद्दीत, डांबर संपल्यावर चढण चढून जो पाडा लागतो, तोही कुठल्या तरी बाजूने कल्याण साइडलाच असणार. जगनने स्वतःची अशी समजूत घालून घेतली होती आणि ती बरीच वर्षं टिकली होती.

या लपवाछपवीला कारण होतं. कल्याणला कोर्स करताना तो तोंड उघडायचा आणि वर्ग हसायचा. मग त्याने बोलणं घासूनपुसून लख्ख केलं, आणि बोलण्याबरोबर पाडाही पुसून टाकला. आई लहानपणीच गेली होती, बाप दारूत. त्याला वाढवलं ते सकुबाईने, बापाच्या विधवा बहिणीने. आत्याला तो मधूनमधून फोन करायचा. दुकानाचा विषय निघाला की म्हणायचा, "तू कशाला दगदग करतेस? मीच येईन." पण होळी गेली, दिवाळी गेली, तो काही गेला नाही.

नवरात्राचे दिवस होते. त्या दुपारी दुकानात संजीवनी मॅडम बसल्या होत्या. त्या एका खाजगी शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळेच्या सगळ्या कॉम्प्युटरची देखभाल कोणाला द्यायची हे ठरवायला त्या स्वतः आल्या होत्या आणि जगन या कामावर कधीपासून डोळा ठेवून होता. हे काम मिळालं की बाकीच्या शाळा मागोमाग येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने शेजारच्या भगीरथला चहा सांगितला, खुर्चीवरची धूळ पुसली, आणि आपल्या घासलेल्या मराठीत बोलायला सुरुवात केली.

तेवढ्यात काचेचं दार ढकलून सकुबाई आत आली.

दार कुठल्या बाजूला उघडतं ते तिला कळलं नव्हतं, म्हणून ती आधी जरा अडखळली. गुडघ्यापर्यंत कासोटा, काखेत लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी चौकोनी, हातात पिशवी. जगनला बघून तिचं तोंड उजळलं. "जग..." ती म्हणाली.

"या मावशी," जगन घाईघाईने म्हणाला. "काय काम होतं?"

भाजीवालीलाही मावशी म्हणतात, मासेवालीलाही म्हणतात. सकुबाईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीतल्या मॅडमकडे पाहिलं. तिच्या तोंडावरचा उजेड हळूहळू मावळला. तिला समजायला वेळ लागला नाही; पोर कधी कशाला घाबरतं हे तिला त्याच्या लहानपणापासून कळत होतं.

"ह्यो चालू नाय होत, साहेब," ती म्हणाली आणि फडकं टेबलावर ठेवलं.

साहेब! पण मॅडम बघत होत्या, आणि तो शब्द त्याने घेतला. परत केला नाही.

फडक्याची गाठ सुटली आणि दुकानभर धुराचा वास पसरला. आत लॅपटॉप होता, मनस्वीचा, सकुबाईच्या मुलीचा. मनस्वीला जगनने कडेवर घेऊन पाडाभर फिरवलं होतं. आता ती मुरबाडला नर्सिंग शिकत होती.

"सोमवारी कॉलेजात परोजेक द्याचा," सकुबाई सांगू लागली. "सगळा ह्याच्यात हाय. नाय दिला तर वर्स जाईल बोलते. ट्रेनिंगला जाताना घरी ठेवून गेली, आली ती बघते तर बंद. माझ्याशी बोलत नाय पोर, नुसती रडते."

"आधी यांचं बघा," मॅडम म्हणाल्या. "माझी घाई नाही. आणि मलाही तुमचं काम बघायला मिळेल."

जगनने लॅपटॉप उलटा केला. खालचा पत्रा मधोमध फुगला होता. तो एकेक स्क्रू काढू लागला आणि काढलेला प्रत्येक स्क्रू टेबलावरच्या जाड कागदावर ठेवू लागला. कसाही नाही, लॅपटॉपमध्ये जो जिथे होता, कागदावर तो तिथेच. कोपऱ्यातला कोपऱ्यात, मधला मधे. मग प्लॅस्टिकची पट्टी कडेने फिरवून त्याने खालचं झाकण सोडवलं.

आतला प्रकार बघून मॅडम "अगं बाई!" म्हणाल्या. सगळ्यावर काजळी बसली होती, तेलकट, चिकट. पंख्याची पाती एकमेकांना चिकटून त्याचा गोळा झाला होता. बॅटरी उशीसारखी टम्म फुगली होती.

जगनने बघताक्षणी ओळखलं. पाड्यावर पावसाळ्यात सगळं ओलावतं. भिंतीला ओल, कपड्यांना बुरशी, काड्यापेटीची काडी पेटत नाही. म्हणून जे जिवापलीकडे जपायचं असतं ते चुलीच्या वर टांगलेल्या शिंक्यात जातं. पुढच्या सालाचं बियाणं, सुकट, रेशनकार्ड. लहानपणी त्याची शाळेची पुस्तकंही तिथेच असायची; वर्गात त्यांचा धुरकट वास यायचा आणि पोरं नाक दाबायची. सकुबाईने पोरीची सगळ्यात मोलाची वस्तू घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवली होती. खाली रोज चूल पेटत होती.

भगीरथ चहा घेऊन आत आला आणि वाकून बघत म्हणाला, "काय हो जगनशेठ, लॅपटॉप भाजून खायचा होता काय कोणाला?"

मॅडम हसल्या नाहीत. जगन हसला. नुसता हसून गप्प राहिला असता तरी चाललं असतं. पण मॅडमसमोर आपण या बाजूचे आहोत, त्या बाजूचे नाही, हे दाखवायची त्याला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. तो म्हणाला, "चुलीवर ठेवला असणार. काय करणार, या लोकांना सांगून कळत नाही."

शब्द तोंडातून गेले आणि त्याचे कान तापले. सकुबाई मात्र खाली मान घालून म्हणाली, "माझीच चूक झाली, साहेब. आमी अडानी. पावसात जपाचा म्हनून वर टांगला."

"कोणालाही वाटेल तसं, मावशी," मॅडम म्हणाल्या. "जीव लावूनच ठेवला ना तुम्ही."

जगनने जे बोलायला हवं होतं ते परकी बाई बोलली, आणि तो बॅटरीचा जोड सोडवत बसला. फुगलेल्या बॅटरीला टोकदार काही लागलं तर ती पेट घेते, म्हणून ती त्याने अलगद सोडवली आणि बाहेर ओट्यावर वाळूच्या डब्यात नेऊन ठेवली. हीच जर घरात, शिंक्यात पेटली असती तर? खाली आत्या झोपते.

तो परत आला तेव्हा मॅडम कागदावरचे स्क्रू बघत होत्या. "ही पद्धत मला फार आवडली. काढलंय तसंच मांडायचं, म्हणजे लावताना गोंधळ नको. कुठे शिकलात?"

दरवर्षी पावसाच्या आधी सकुबाई छपरावर चढायची. एकेक कौल उतरवून खाली द्यायची आणि छोटा जगन ते अंगणात मांडायचा. वरून ती ओरडायची, "उतरला तसा मांड रे! जो जिथला तो तिथं. वर चढवताना डोका नको लावाय." एकदा त्याने ओळ चुकवली तर तिने सगळं अंगण पुन्हा मांडायला लावलं होतं. त्या वर्षी घर एका जागीही गळलं नाही.

"कल्याणला," जगन म्हणाला. "क्लासमध्ये शिकवतात."

त्याने वर पाहिलं नाही. बघायची छाती नव्हती. ब्रशने तो पंखा साफ करत राहिला, बोर्डावरची काजळी पुसत राहिला. पुसता पुसता त्याच्या बाहीचा धक्का लागून एक स्क्रू कागदावरून घरंगळला आणि जमिनीवर पडला. सकुबाईने तो उचलला, क्षणभर कागदाकडे पाहिलं, आणि रिकाम्या जागी बरोबर ठेवून दिला. तिने एखादी शिवी हासडली असती तर जगनला बरं वाटलं असतं.

मॅडम उठल्या. "ठरलं तर मग. सोमवारपासून शाळेत या." जाताना त्या सकुबाईला म्हणाल्या, "काळजी करू नका, मावशी. चांगल्या माणसाकडे आलात."

"हो, लय चांगले हायत साहेब," सकुबाई म्हणाली.

ज्या कामासाठी जगनने एवढी वर्षं वाट पाहिली ते काम मिळालं होतं, आणि त्याला तोंड लपवायला जागा सापडत नव्हती. त्याने एका जुन्या लॅपटॉपची बॅटरी काढून बसवली, स्क्रू एकेक करून कागदावरून परत जागेवर नेले आणि बटण दाबलं. पंखा आधी खरखरला, मग फिरू लागला. पडदा उजळला. मनस्वीचा प्रोजेक्ट जागच्या जागी होता.

"चालू झाला!" सकुबाईने दोन्ही हात तोंडावर घेतले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आते," जगन म्हणाला. "आते, मी मगाशी..."

"पोरीचा काम झाला, लय झाला, साहेब."

"आता कोन नाय इथं. मला साहेब नको बोलूस गो." कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडून पाड्याची बोली आली होती.

सकुबाई फडक्याची गाठ मारत होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तसाच बोलते. एकदा सवय मोडली ना, मंग कोनापुढं तोंडातून निघून जाईल. तुला कमीपना नको." मग तिने पिशवीतून काकड्या काढल्या, परसातल्या, त्याला आवडायच्या त्या, आणि वाकून टेबलाखाली सरकवल्या. "हितं ठेवते, दिसनार नाय. कोनी विचारला तर बोल, गिऱ्हाइकानं दिल्या."

पैशाचा विषय निघण्याआधीच जगनने लॅपटॉप तिच्या काखेत दिला होता. "गाडीपर्यंत येतो," तो म्हणाला. "नको, कोनी बघंल," असं म्हणून ती गेलीसुद्धा. जगन खुर्चीत बसून राहिला. समोर रिकामा कागद होता, त्यावर काजळीचे डाग. शरमेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग त्याला दिसलं की मनस्वीच्या लॅपटॉपचा चार्जर टेबलावरच राहिला आहे.

तो धावत सुटला. दुकानाला कुलूपही लावलं नाही. मुरबाडची गाडी फलाटाला लागली होती, माणसांनी भरली होती. सकुबाई खिडकीशी बसली होती. फडकं मांडीवर. त्याने खिडकीतून चार्जर आत दिला.

"कोन गो ह्ये?" तिच्या शेजारी बसलेल्या अनोळखी बाईने विचारलं.

आता बोललो नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही, हे जगनला कळलं. "भाचा हाय मी तिचा!" तो मोठ्याने म्हणाला, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं. "आते हाय ती माझी! तिनंच वाढवलाय मला!"

ड्रायव्हरला चहा द्यायला आलेला भगीरथ किटली हातात धरून तिथेच उभा राहिला. गाडीतली माणसं वळून बघू लागली, कधी जगनच्या इस्त्रीच्या शर्टाकडे, कधी सकुबाईच्या लुगड्याकडे. सकुबाईने भगीरथला पाहिलं. मघाशी दुकानात आलेला हाच, हे तिला लगेच आठवलं. तिने पदर तोंडाला लावला आणि ती हसू लागली.

"मस्करी करतात गो साहेब," ती शेजारणीला म्हणाली. "लय मस्करे हायत."

शेजारीण हसली, मागची माणसं हसली. भगीरथही हसला. "काय जगनशेठ, तुम्ही पण ना!"

"मस्करी नाय, आते..." जगन म्हणत होता, पण कंडक्टरने घंटी मारली होती. गाडी हलली. सकुबाईने खिडकीतून पाहिलं, आणि दुकानदाराला जोडावेत तसे त्याला हात जोडले.