लिंबाच्या बुडातली घाण

मी एक जुना धागा आहे. सुताचा नव्हे, बुरशीचा. नाक मुरडलंत? मुरडा. मला नाक नाही, नाहीतर तुमच्याकडे बघून मीही मुरडलं असतं.

मित्रांनो, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. तुमचा मित्र म्हणून पुस्तकात गांडुळाचं नाव छापलेलं असतं. गांडूळ! एका टोकाने खातं, दुसऱ्या टोकाने टाकतं आणि मधल्या वेळात मिरवतं. मी केसाहून बारीक, म्हणून माझ्यावर कुणी ओळ लिहीत नाही. माझी ओळ मलाच लिहावी लागते.

माझा जन्म एका रोपवाटिकेच्या मागच्या भिंतीजवळ, कागदी लिंबाच्या झाडाखाली झाला. झाड दिसायला भरघोस, पण मुळांनी दरिद्री. लिंबाच्या मुळांना लव जवळजवळ नसतेच. मातीतलं स्फुरद, म्हणजे तुमचं फॉस्फरस, बोटभर अंतरावर असलं तरी त्यांना ते मिळत नाही. ते मी आणायचो, जिथे मूळ शिरत नाही अशा फटींतून. बदल्यात पानांनी उन्हात केलेली साखर मूळ मला द्यायचं. यात माया वगैरे काही नव्हती. देवाणघेवाण होती आणि ती चोख होती. तुम्हाला शेजाऱ्याशी एवढंही जमत नाही.

वर माणसं होती, हे सांगायचं राहिलं. विसरण्यासारखीच गोष्ट आहे.

रोपवाटिका दोन जावांची. झाड त्यांच्या सासूने लावलेलं. सासू गेली, झाड राहिलं. आता मागचा रस्ता रुंद होणार होता आणि भिंतीबरोबर झाडही जाणार होतं. म्हणून दोघींनी त्याच्या बिया पेरल्या होत्या. ती रोपं जगली तर सासूच्या हातचं काही उरणार होतं.

एका वर्षी थोरलीची सगळी रोपं बुडाशी कुजून आडवी झाली होती. ते काम बुरशीचंच होतं, मान्य. आमच्या भाऊबंदांत नालायक निघतात. तुमच्यात निघत नाहीत? तेव्हापासून थोरली माती पत्र्याच्या पिंपात घालायची, झाकण लावायची आणि खाली जाळ करून वाफवायची. खुरपीसुद्धा उकळत्या पाण्यात बुडवायची. सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे तिच्या गावी नव्हतं.

"भाजतात ते मडकं, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "मातीला कशाला भाजता?"

"मडक्याला रोग होत नाही," थोरली म्हणाली.

वाफवलेल्या मातीत रोपं उगवली. कुजली नाहीत. वाढलीही नाहीत. बोटभर होऊन पिवळी पडली आणि रुसल्यासारखी बसून राहिली. थोरलीने खत घातलं, तर पानांची टोकं करपली. तिने आणखी घातलं. ज्या पोराला हातच नाहीत त्याच्यापुढे ही बाई ताटावर ताट वाढत होती.

तेवढ्यात धाकटीला एक गोष्ट दिसली. जुन्या झाडाखाली गळून पडलेल्या लिंबातून एक रोप आपसूक उगवलं होतं. त्याला कुणी पाणी घातलं नव्हतं, तरी ते गुडघ्याएवढं झालं होतं, हिरवंगार. तिने थोरलीला ओढत नेऊन दाखवलं. थोरली म्हणाली, असतं एकेकाचं नशीब. वा! मी राबायचं आणि नाव नशिबाचं.

झाड तोडायला माणसं आली त्या सकाळी धाकटी टोपली आणि कुदळ घेऊन धावली. बुडाशी खणू लागली. कुदळ खाली आली आणि मी

.

इथून पुढचं दुसरं टोक सांगतं आहे. पहिलं रस्त्याखाली गेलं, हे टोपलीतल्या मातीत आलं. हळहळू नका, हाही मीच. मधोमध तुटलं की संपायला मी काय माणूस आहे?

थोरली रोपवाटिकेच्या दारात आडवी उभी होती. ही घाण आत येणार नाही, म्हणाली. कुजून सगळी रोपं गेली तर सासूबाईंचं काय उरेल, असं तिने विचारलं. बाई मूर्ख होती, पण भीती खरी होती.

धाकटीने टोपली कमरेवरून उतरवली नाही. "सासूबाई याच मातीचे हात घेऊन आत यायच्या," ती म्हणाली. "तुम्ही कधी त्यांचे हात उकळून घेतलेत का?"

थोरली बाजूला झाली. अर्धी रोपं तुझी, माझ्या अर्ध्यांना हात लावायचा नाही, एवढंच बोलली.

तर मी धाकटीच्या एका रोपाच्या पिशवीत आलो. समोर धुतलेलं, बावळट, पांढरं मूळ. जन्मापासून कुणाशी बोललेलं नाही. पण भुकेलं मूळ ओलीत एक खूण सोडतं, तेवढी त्यालाही येत होती. मी गेलो. दया म्हणून नव्हे, साखरेसाठी.

धाकटीच्या रोपांनी नवी पानं काढली. थोरलीने बघितलं नाही, म्हणजे रोज बघितलं. मग एका दुपारी धाकटी गिऱ्हाइकांत असताना ती आली. सवयीने खुरपी उकळून आणली होती. धाकटीच्या पिशवीसमोर बसली, खुरपीकडे पाहिलं, ती बाजूला ठेवली आणि नुसत्या बोटांनी माती उकरली. मी पुन्हा तु

.

टलो. आता थोरलीच्या पिशव्यांत आहे. तिची पानंही हिरवी होत आहेत. पिंप पालथं घातलंय. त्यावर बसून दोघी रोपं बांधतात आणि भांडतात.

मित्रांनो, शेवटी विनंती करायची रीत आहे. मला जपू नका. तुमचं जपणं म्हणजे उकळणं. हाताला झाडाखालची माती लागली, तर धुण्याआधी हात कुंडीत झटका. एवढंच करा. याहून जास्त तुमच्याने होईल, असं मला वाटत नाही.