बाजूचं माणूस

टोपी उशीवर नीट बसली होती. उशी हवेची, गळ्याभोवती अडकवायची, राखाडी अभ्र्याची. सकाळी हॉटेलच्या दारात बसची वाट पाहताना तिच्या नवऱ्याने ती तोंडाने फुगवली होती — गाल फुगवून, मध्येच थांबून, आता पुरे का असं डोळ्यांनी विचारत — म्हणजे आत कोंडलेला श्वास त्याचाच, सकाळच्या चहाच्या वाफेसकट. तेव्हा ती मऊ होती. दिवसभर बस चढत राहिली, बाहेरची हवा विरळ होत गेली, आतली तेवढीच राहिली; आता उशी टम्म होऊन खिडकीकडच्या सीटच्या पाठीला उभी टेकली होती, तिच्यावर टोपी, खाली पांघरल्यासारखं त्याचं जाकीट. कुणालाही वाटलं असतं, माणूस डुलकी काढतोय.

सहलीच्या मॅनेजरबाईंना तसंच वाटलं.

"चला मंडळी, आपापलं बाजूचं माणूस बघून घ्या," त्या बसच्या तोंडाशी उभ्या राहून म्हणाल्या. प्रत्येक थांब्यानंतर हेच. डोकी मोजण्याची पद्धत त्यांनी पहिल्याच दिवशी मोडीत काढली होती — डोकी मोजताना चूक होते, बाजूचं माणूस विसरायला होत नाही, असं त्यांचं म्हणणं. "नंतर तक्रार चालणार नाही, आणि बदलूनही मिळणार नाही!"

"आमचं माणूस हजर आहे," मागच्या सीटवरचे हेडसर म्हणाले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांचा आवाज अजून मैदानावरचाच होता. "रजेचा अर्ज दिला होता, आम्ही नामंजूर केला."

"गप्प बसा हो," त्यांची बायको म्हणाली. "सगळ्या देशाला ऐकू जाईल."

बाई एकेका रांगेशी थांबत पुढे येत होत्या. टोपीशेजारच्या सीटवर ती बसली होती. तिच्यापाशी आल्या.

"काकू, बाजूचं माणूस?"

"आहेत," ती सवयीने म्हणाली.

"झोपलेत वाटतं काका. झोपू दे, झोपू दे. सकाळपासून किती धावपळ त्यांची."

बाई पुढे गेल्या. फुसकन आवाज करत दार बंद झालं. आणि त्या आवाजाबरोबर तिच्या लक्षात आलं की तो बसमध्ये नाही. तो तिची शाल आणायला परत गेला होता. दरीच्या काठी, कठड्याशेजारच्या बाकावर तिने ती विसरली होती. बसमध्ये चढल्यावर ते कळलं, आणि ती उठायच्या आत तो म्हणाला होता, "तू बस, मी आणतो," आणि ऊन होतं म्हणून जाकीट काढून, वारा होता म्हणून टोपी काढून, दोन्ही ठेवून गेला होता. त्याचा फोन पुढच्या सीटच्या जाळीत चार्ज होत होता. पासपोर्ट तिच्या पर्समध्ये. त्याच्या खिशात रुमाल असेल, आणि चष्मा पुसायचं पिवळं फडकं.

बस हलली.

आता तिला धक्का बसायला हवा होता. तिने धक्क्याची वाट पाहिली — तिच्या कामात पाहायची सवय होती तशी, वजन पारड्यात ठेवून, हात मागे घेऊन, श्वास रोखून. काही झालं नाही. खिडकीतून गाड्यांचा तळ मागे गेला, तिकिटांची खोली मागे गेली, झेंडा नसलेला एक उंच खांब मागे गेला. ओरडायचं. नुसतं 'थांबा' म्हणायचं, दोनच अक्षरं. पण नुकतंच 'आहेत' म्हटलेलं होतं, आणि ते अजून हवेत होतं, ते आधी खाली उतरू द्यायला हवं होतं... उतरेल, मग म्हणू. पुढच्या वळणावर म्हणू. रस्त्याला वळणच नव्हतं. या देशात रस्ते पट्टीने आखल्यासारखे. नकाशावर बोटभर अंतर कापायला अख्खा दिवस जातो, आणि दिवसाच्या शेवटी बोट पुन्हा तिथंच, पुढच्या रेघेच्या सुरुवातीला.

समोर, ड्रायव्हरच्या डोक्यावर, हिरव्या आकड्यांचं घड्याळ होतं. तिने पाहिलं. पुन्हा पाहिलं.

तो चष्म्यांच्या दुकानाचा मालक. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून, नाकावर लोखंडी सांगाडा चढवून, त्यात एकामागून एक भिंगं सरकवत विचारायचा — 'आता कसं दिसतंय? हे बरं, की आधीचं?' — इतकी वर्षं विचारत आला होता, की तो सूर त्याच्या घशाला घट्टा पडल्यासारखा बसला होता. या सहलीतही तोच. लाल दरीच्या काठी: कसं वाटतंय? उकळत्या पाण्याच्या डबक्यांशी, नाकाला रुमाल लावून: कसं वाटतंय? धबधब्याच्या तुषारांत चष्मा पुसत पुसत: हे बरं, की कालचं? त्याने हा एवढा मोठा देश तिच्या डोळ्यांसमोर एकेक भिंग करून सरकवला होता, आणि तिने दर वेळी खरं तेच सांगितलं होतं, की सारखंच दिसतंय. तो मान हलवायचा. पुढचं भिंग.

चांगला माणूस. सगळी बस म्हणत होती. हेडसरांच्या बायकोच्या चष्म्याचा ढिला स्क्रू त्याने नखाएवढ्या पेचकसाने बसवून दिला होता, तेव्हापासून ती त्याला भाऊजी म्हणायला लागली होती आणि हिला, प्रत्येक नाश्त्याच्या टेबलावर, नशीबवान.

नशीबवान. ती 'हो' म्हणायची.

हेही खोटं नव्हतं. त्याने तिचं काय केलं नव्हतं? तिची आई गेल्यापासून तर चहासुद्धा तोच करायचा. आई गेल्यापासून... इथं नेहमी विचार थांबायचा, दारात चप्पल काढल्यासारखा. आज थांबला नाही, बसच्या वेगाने तसाच आत शिरला.

फोन संध्याकाळी आला होता, त्याच्या फोनवर. दादा म्हणाला होता, आईचं काही खरं नाही, हिला घेऊन लगेच निघा. दुसऱ्या दिवशी तिच्या प्रयोगशाळेची तपासणी होती. कारखान्यांतून येणारी दाबमापकं आणि वजनकाटे पारखून त्यांवर शिक्का मारायचा, हे तिचं काम; आणि त्या शिक्क्याची पारख करायला वरून माणसं येणार होती, दोन वर्षांची मेहनत होती ती. त्याने दादाला सांगितलं, निघतो. आणि तिला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, तपासणी संपल्यावर, प्रयोगशाळेच्या फाटकाशी गाडी घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काल संध्याकाळी फोन आला होता." आई सकाळीच गेली होती. "रात्रभर प्रवास झाला असता तुला, आणि आपण जाऊन करणार काय होतो?" ती म्हणाली, "बरं."

नंतर दादाने सांगितलं, आई विचारत होती, निघाली का. आणि दादा तिला सांगत होता, निघाली, निघाली.

त्यावरही ती 'बरं' म्हणाली होती. तेव्हापासून घरात भांडण नाही, अबोला नाही. बोलणं होतं — गॅस, दूध, दुकानातल्या पोराची रजा, व्हिसाचे फोटो. बघणारा म्हणाला असता, सावरली. प्रयोगशाळेत नव्यांना ती पहिल्याच दिवशी सांगायची: काटा शून्यावर आहे म्हणून खूश होऊ नका, आत अडकलेलाही असू शकतो, काचेवर बोटाने टिचकी मारून बघा. स्वतःच्या बाबतीत हे तिला ठाऊक होतं. फक्त टिचकी मारायला हात उचलत नव्हता.

"काकू, गोळी घ्या." मॅनेजरबाई लिमलेटची पिशवी घेऊन फिरत होत्या. "आता उतार लागेल, कान दुखतात. काकांची इथं ठेवते हं."

त्यांनी वाकून एक गोळी जाकिटाच्या घडीवर ठेवली, अगदी हळू, झोपमोड होऊ नये म्हणून. आता, ती मनात म्हणाली. आता तोंड उघड. तिने तोंड उघडलं आणि गोळी आत टाकली.

घड्याळ.

किती सोपं होतं हे. एवढं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने समजून ठेवलं होतं की अशी गोष्ट न सांगण्यासाठी माणसाला काहीतरी ठरवावं लागत असेल. रात्रंदिवस ती याच एका गोष्टीभोवती फिरली होती, की त्याने ठरवलं, माझ्या आईचं माझ्याऐवजी त्याने ठरवलं. आणि इथं ती स्वतः बसली होती, काहीही न ठरवता. सांगण्याचं वजन फक्त वाढत चाललं होतं. दार बंद झालं तेव्हा ते एका शब्दाचं होतं. आता त्यात 'तेव्हाच का नाही बोललात'ही आलं होतं. आणखी थोड्या वेळाने ते उचलता येणार नाही असं होईल, आणि मग माणूस म्हणेल, आता सांगून काय उपयोग, आणि ते खरंच असेल...

तो आता कठड्यापाशी असेल. शाल हातावर घडी घालून. बस नाही हे कळल्यावर आधी चष्मा पुसला असेल.

तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही. पण एक आठवण आली, मागितली नसताना. दादाचा फोन आला त्या संध्याकाळी तो सारखा तिच्या डोक्याच्या वर, भिंतीकडे बघत होता. ती टेबलाशी दुसऱ्या दिवसाचे कागद लावत होती. "काय बघताय हो?" तिने विचारलं. "काही नाही, जाळं झालंय कोपऱ्यात." "मला नाही दिसत." "तुझा नंबर बदलला असेल." आणि तो स्टूल घेऊन आला, वर चढला आणि केरसुणीने कोपरा झाडायला लागला, तिने मान वर करून पाहिलं, कोपरा स्वच्छ होता, तरी तो झाडत होता, पुन्हा पुन्हा, आणि ती हसली होती. त्या भिंतीवर जाळं नव्हतं.

त्या भिंतीवर घड्याळ होतं.

बसला उतार लागला. तिच्या कानांत आधी बोळे बसले, मग सुटले. शेजारी काहीतरी हललं. उशी. हवा जड होत होती आणि उशी आतल्या आत मऊ पडत चालली होती, खांदा पाडल्यासारखी एका बाजूला कलत. टोपी थोडा वेळ कशीबशी राहिली, मग घसरली, सीटवरून दोन सीटांमधल्या फटीत, मागे.

"अहो भाऊजी, टोपी पडली तुमची," हेडसरांच्या बायकोचा हात फटीतून पुढे आला. "बघा, गाढ झोपलेत. घ्या वहिनी, ठेवा डोक्यावर."

तिने टोपी घेतली. आतल्या पट्टीला त्याच्या घामाची रेघ होती, पांढरी, मिठाची. उशी उभी करून टोपी परत ठेवता आली असती. जाकीट वर ओढून घेता आलं असतं. हात तेवढा पुढे गेलाही.

"ते नाहीत," ती म्हणाली.

"अं?"

"ते बसमध्ये नाहीत. मागे राहिलेत."

मग सगळं एकदम झालं. मॅनेजरबाई तोल सावरत धावत आल्या, जाकीट उचललं, गोळी घरंगळत खाली गेली; त्या ड्रायव्हरशी बोलल्या, तिथल्या तिकिटांच्या खोलीत फोन लावला, कुणी उचलेना; दोन रस्त्यांच्या मध्ये लोखंडी कठडा होता, वळायला पुढचा पूल येईपर्यंत जावंच लागणार होतं. घामाघूम होऊन बाई पुन्हा तिच्यापाशी आल्या.

"काकू, अहो, तुम्ही 'आहेत' म्हणालात ना! कधी कळलं तुम्हाला?"

एखादं सोयीचं उत्तर असेल. तिने शोधलं नाही.

"दार बंद झालं तेव्हाच."

 बसमध्ये इंजिनाचा आवाज तेवढा राहिला. हेडसरांनी घसा खाकरला, पण विनोद आला नाही.

पुलावरून बस वळली आणि उलट दिशेने, चढाला लागली. तिने उशी मांडीवर घेतली. आता सगळ्यांच्या नजरा मानेवर जाणवत होत्या, आणि जाणवत होत्या हेच नवीन होतं. तो तिथं असेल का? कुणाच्या गाडीला हात करून निघाला असेल, चुकीच्या दिशेने, या न संपणाऱ्या रस्त्यांवर, बिनटोपीचा, बिनफोनचा... आत अडकलेला काटा हलला, बारीक, थरथरत, दोन्ही बाजूंना. भीती असेल किंवा राग असेल, आकडा वाचता येईल इतका तो अजून स्थिर नव्हता. माफ केलं का? नाही. तिने तपासून पाहिलं. ते होतं तिथंच होतं, आईच्या 'निघाली का'सकट. पण त्याच्या शेजारी आता एक प्रश्न होता, आणि तो तिला त्यालाच विचारायचा होता. कित्येक महिन्यांत तिने त्याला गॅस-दुधापलीकडे काही विचारलं नव्हतं.

तो शाल पुढे करेल. म्हणेल, सापडली. कदाचित विचारेल, कसं वाटतंय.

त्याच्या आधी विचारायला हवं. अहो, त्या संध्याकाळी, स्टुलावर चढायच्या आधी, तुम्ही घड्याळाकडे किती वेळा पाहिलंत?

तिने ते ओठांत म्हणून पाहिलं.  बस चढत होती, आणि मांडीवर, तिच्या हातांखाली, उशी हळूहळू पुन्हा भरत होती.