काळी चार आणि पांढरी सहाच्या मधला सूर

मित्रांनो, मी एक जुना, हातात मावणारा व्हिडिओ गेम आहे. माझा पडदा तडकला आहे आणि पाठीतून निघालेल्या वायरीच्या टोकाला जुन्या रेडिओचे काळे बटण आहे. ते कसे आले, तेच सांगतो.

कारखान्यात माझ्या पोटात क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक बसवला. त्याच्या ठोक्यांवर माझे खेळ चालत आणि सूरही ठरत. भोरच्या प्रद्युम्नने मला सात वर्षे मनापासून खेळवले. मग त्याच्या हाती मोबाईल आला आणि मी कपाटात गेलो. आत विसरलेल्या सेलमुळे माझ्या पत्र्यांना हिरवट गंज चढला.

मला बाहेर काढले त्याच्या भाचीने. सौदामिनी भौतिकशास्त्र शिकून वेल्ह्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि धोंडाबाईंच्या घरी भाड्याने राहते. धोंडाबाई दर सोमवारी देवळात भजन म्हणत. पण पेटीवाले गेनबा एकदा चारचौघांत म्हणाले, "आक्का, काळी चार धरली तर तुमी वर, पांढरी सहा धरली तर तुमी खाली. मदी पट्टीच न्हाई. म्या बोट कुठं ठेवू?"

त्या दिवसापासून धोंडाबाईंनी देऊळ सोडले. धान्य निवडतानाही त्या गुणगुणत नसत. सौदामिनीला ती शांतता सहन होईना.

तिने माझा गंज घासला, स्फटिक काढला आणि त्या जागी घरीच जोडलेले एक सर्किट बसवून त्याच्या वायरीला जुन्या रेडिओचे हे बटण लावले. बटण फिरवले की माझे ठोके कमीजास्त होत, सूरही वरखाली सरके. एकच सूर धरून ठेवायलाही तिने मला शिकवले. पहिल्यांदा चार्जर लावला तर त्याच्या विजेची नुसती घरघर.

"गिरण चालू केलीस का गं?" धोंडाबाई आतून म्हणाल्या.

मग तिने सेल घातले. सूर स्वच्छ आला. ती मोबाईलवर सुराचे आकडे बघून बटण फिरवू लागली, तशा धोंडाबाई पुढे सरकल्या.

"मोबाईलला काय इचारतीस? गळा माझा हाय. आन हिकडं."

त्यांनी डोळे मिटून बटण हळूहळू फिरवले. एका जागी हात थांबला. "हितं," त्या म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी गायल्या.

पुढच्या सोमवारी गेनबांनी मला पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "पोरांचं खेळनं देवळात?"

"तुमच्या पेटीत न्हाई ती पट्टी ह्यात हाय," धोंडाबाई म्हणाल्या.

तिसऱ्या अभंगाला त्यांचा गळा तापून जरासा चढला. गाता गाताच त्यांनी बटण केसभर पुढे सारले. गेनबांनी ते पाहिले. त्यांनी पेटीचा भाता मिटला आणि टाळ हाती घेतले.

भजन संपल्यावर ते म्हणाले, "आक्का, तुमी बेसूर न्हवता. माझ्या पेटीत जागा न्हवती."

"मंग पुढच्या सोमवारी टाळच आना," धोंडाबाई हसल्या.

मित्रांनो, आता दर सोमवारी मी टाळांशेजारी बसतो. जुने यंत्र टाकण्याआधी एकदा उघडून पाहा आणि ठेवून देताना त्यातले सेल आठवणीने काढा. आणि कुणाचा सूर तुमच्याशी जुळत नसेल, तर त्याला गप्प करण्याआधी आपले बटण जरा फिरवून पाहा.